ग्रे कापडाची लेगिंग

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसताना ठसका लागेल आणि नाव माझंच येईल. फजिती माझीच, आणि झाली कुठे? तर भर राजघाटावर, अख्ख्या बुऱ्हाणपूरसमोर!

आमच्या कॉलनीत बायकांचा योगाचा क्लास आहे. मॅडम इंदूरच्या. शिकवतात हिंदीत, रागावतात इंग्रजीत. मी तर जायचेच, पण सासूबाईंनाही घेऊन जायचे. आईंचे गुडघे पार धरलेले होते. क्लास सुरू केल्यापासून त्या कठड्याला न धरता जिना चढायला लागल्या होत्या. तेही साडी खोचून!

एक दिवस मॅडमनी जाहीर केलं, "राजघाट पे अपना प्रोग्राम है. सबको ग्रे लेगिंग, ऊपर सफेद कुर्ती."

झालं! आई घरी येऊन हटून बसल्या. "मी नाही वं घालत लेगिंग-बिगिंग. लोक हसतीन मले."

"आई, कोण हसतंय? मी शिवते ना तुमच्यासाठी, चांगली ढगळ!"

"बरं. एक बार घालते. पण कोनी हसलं ना, तर माझा योगा बंद. मंग गुडघे गेले तरी चालतीन!"

आता सांगा, केवढी जबाबदारी! पण मी एकदम निवांत. का? तर मॅडम "ग्रे" म्हणाल्या होत्या!

तुम्ही बाहेरचे, तुम्हाला सांगायला हवं. आमच्या गावात घरोघरी पॉवरलूम, आमच्याही घरी आहे. लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड असतं ना, पिवळसर पांढरं, त्याला आम्ही ग्रे म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हापासून "ग्रे उतरला का?", "ग्रेची गाडी गेली का?" हेच कानावर. ग्रे नावाचा रंगही असतो, हे माझ्या डोक्यात यावं तरी कसं? त्या रंगाला आमच्याकडे स्लेटी म्हणतात हो!

मी ग्रुपवर ऐटीत आवाज टाकला, "कोणी काही विकत आणू नका. ग्रे आपल्या घरचा आहे! सगळ्यांच्या मी शिवते!" सगळ्यांनी बदाम पाठवले. मी फुगले.

एकटी शेजारची सुनंदा कुरकुरली. "अगं, लेगिंगला ताणणारं कापड लागतं ना? होजियरी?"

"ताणणारं म्हणजे भेसळ!" मी म्हणाले. "हे शुद्ध सुती आहे. लूमवाल्यांची सून मी, मला कापड शिकवतेस?"

सगळ्यांच्या जुन्या लेगिंग मापाला मागवल्या, वरून थोडी सूट दिली आणि मशीन दणाणून सोडलं. स्वतःची घालूनही बघितली. उभी राहिले, आरशात पाहिलं, झकास! आता बसून बघायचं सुचलं नाही, त्याला काय करणार?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी घाटाजवळच्या धर्मशाळेत मी गठ्ठा सोडला. मॅडमचे डोळे मोठे झाले.

"ये क्या है?"

"ग्रे!"

"ये ग्रे है? ये तो क्रीम है!"

"मॅडम, ग्रे ऐसाच रहता है. तुमको इंदूर में किसी ने गलत बताया!"

मॅडमनी कपाळावर हात मारला आणि फोनवर एक लेगिंग काढून दाखवली. मी बघतच राहिले. "अय्या! तो स्लेटी बोलना था ना!"

पुढचं मॅडम इंग्रजीत बोलल्या.

पण वेळ कुठे होता? बाहेर पाहुणे येऊन बसलेले, माइक सुरू. सगळ्यांनी तेच चढवलं. आई तेवढ्या ढगळ लेगिंगमध्ये मोकळ्या. बाकी आम्ही सगळ्या गुडघे न वाकवता, काठ्यांवर चालल्यासारख्या घाटावर निघालो.

लोक पायऱ्यांवर, आम्ही खाली फरशीवर, पाठीमागे तापी. मी पहिल्या रांगेत, कारण ग्रे माझा ना! हात वर केले, छान जमलं. मग मॅडम म्हणाल्या, "अब आगे झुकेंगे."

मी झुकले. टर्रर्र!

कुर्ती आखूड. फाटलं ते नदीच्या बाजूने, म्हणजे पाहिलं फक्त मागच्या रांगेतल्या आमच्याच बायकांनी आणि तापीमाईने. मी मनात हात जोडले. तेवढ्यात माइकवरून हुकूम आला, "अब सब पीछे घूमेंगे!"

अहो, पायांखालची जमीनच सरकली! वळले असते तर सगळं गाव हसलं असतं, आणि आईंचा योगा त्याच क्षणी संपला असता. मी वाकलेलीच. काय करू?

आणि मागून खणखणीत आवाज आला, "शवासन! झोपा वं साऱ्या!"

आई! लोक हसतील म्हणून घाबरणाऱ्या माझ्या सासूबाई मॅडमचा हुकूम मोडून, भर घाटावर, सगळ्यांच्या आधी धाडकन उताण्या पडल्या होत्या. त्यांच्या मागोमाग मी पडले, मग सुनंदा, मग सगळ्या. मॅडमलाही दुसरा इलाज उरला नाही. आकाशाकडे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सख्ख्या आईनेही मला इतक्या चपळाईने वाचवलं नसतं. खरंच सांगते, त्या दिवसापासून त्यांचे उपकार मी विसरलेली नाही.

बाकीच्या हळूहळू उठल्या. मी कशाला उठते? पाहुणे भारावले. "वाह, क्या साधना है!" म्हणत खाली आले आणि झेंडूचा हार माझ्या छातीवर ठेवून गेले.

तेवढ्यात अंघोळीला आलेली एक आजीबाई थांबली. नदीचा घाट, अंगावर कोरं कापड, वर हार. तिने हात जोडले आणि आईंना विचारलं, "कवा गेली वं बिचारी?"

"नाही गेली माय," आई म्हणाल्या, "साडी येऊ राहिली घरून, त्याची वाट पाहू राहिली."

हे ऐकलं मात्र, सगळा घाट हसला. मी डोळे गच्च मिटले. गेला आईंचा योगा!

साडी आली, गुंडाळली, रिक्षात बसलो. घाबरत घाबरत विचारलं, "आई, उद्यापासून क्लास बंद?"

"बंद कायले? मले कुठं कोनी हसलं?" आई म्हणाल्या. "मी तर रोज जाईन. तू बी चल. तू पुढं पडून असली की माझ्याकडे कोनी पाहत नाही!"