धाकटीचा पेला

षड्रिपूंच्या यादीत मत्सर अगदी शेवटी येतो, म्हणून तो सौम्य असावा असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पहिल्या पाचांना निदान स्वतःचे काही सुख हवे असते. मत्सराला दुसऱ्याचे सुख सलते, एवढेच त्याचे वित्त. पूर्वसूरींनी त्याच्याही जाती लावल्या आहेत. असूया दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधत बसते. ईर्ष्येला तोच गुण आपल्यापाशी हवा असतो. या दुसऱ्या जातीच्या विकाराने एका बाईचे आयुष्य घडलेले मी शेजारघरी पाहिले.

घर घड्याळजींचे, यहुदी धर्म निष्ठेने पाळणारे. त्यांची थोरली सून रफूकाम करी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती कोटांची जळकी, कुरतडलेली भोके अशी भरून काढी, की भोक कुठे होते हे मालकालाही सापडू नये.

वल्हांडण हा त्यांचा दास्यमुक्तीच्या स्मरणाचा सण. त्या दिवसांत घरात खमिराचा, म्हणजे आंबवून फुगवलेल्या पिठाचा, कण चालत नाही. म्हणून आधी घर कानाकोपऱ्यातून झाडायचे, रोजची भांडी उचलून ठेवायची आणि सणापुरती राखलेली भांडी माळ्यावरून उतरवायची. हा सारा व्याप थोरलीच्या अंगावर. ती गिऱ्हाइकांच्या कोटांचे खिसेसुद्धा उलटे करून पावाचा चुरा झटकी. परिणामी, सणाच्या रात्री मंडळी मेजाभोवती बसून सुटकेची कथा वाचू लागली, की तिचे पाय ठणकत असत आणि डोळे मिटत असत.

नेमकी तेव्हाच समोर बसलेली धाकटी सून रडू लागे. ‘आम्ही दास होतो’ या शब्दांपाशी तिचा आवाज कापे, हातातला पेला थरथरे, आणि मुखावर असे काही तेज येई की सासरे चष्मा पुसत म्हणत, “हिच्या अंतःकरणात दिवा आहे.”

कोणाच्या अंतःकरणात तो नाही, हे त्यांनी वेगळे सांगायची गरजच नव्हती.

“मी घासूनपुसून मरायचं, आणि देव यायचा हिच्याकडे!” थोरली नवऱ्यापाशी धुसफुसे.

“मग तूही रड की.”

“येत असतं तर रडले नसते?”

एका वर्षी सण संपला, त्याच संध्याकाळी भांडी पुन्हा पेटीत भरण्याचे काम चालले होते. धाकटी जांभई देत आत आली. “सुटले बाई! जाऊबाई, आता आधी गरम पाव मागवा. त्या कोरड्या भाकरीनं टाळू सोलून निघालाय.”

थोरली तिच्याकडे पाहतच राहिली. आठवड्यापूर्वीचे ते तेज पुसून गेले होते. जे आपल्याला जन्मात मिळाले नाही, ते ही बाई खरकट्यासारखे टाकून देते! तिच्या हातात त्या वेळी धाकटीचाच पेला होता: चिनी मातीचा, काठाला निळी रेघ असलेला. तिने तो कागदात गुंडाळला नाही. पदराआड धरला आणि रोजच्या फळीवर मागे सरकवून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती त्यात चहा पिऊ लागली. पहिल्या घोटाआधी पुटपुटे, ‘आम्ही दास होतो’, आणि डोळ्यांना पाणी येते का ते पाही. येत नसे. मग चिडून पाव बुडवून खाई. पण रोज उच्चारलेले वाक्य माणसाला स्वस्थ बसू देत नाही. एके दिवशी कोटांचे गाठोडे घेऊन म्हातारा हमाल दारात आला आणि नेहमीप्रमाणे उभाच राहिला. थोरलीच्या ओठांवरचे वाक्य अजून वाळले नव्हते. दास उभा, आणि आपण बसलेल्या! तिने खुर्ची पुढे केली, चहा दिला. मनात मात्र म्हणाली, ‘हे त्या रडूबाईला सुचलं असतं का?’ पुढे हा तिचा नेमच झाला, आणि नेमामागे ईर्ष्याही तेवढीच ताजी राहिली.

वर्ष फिरले. पेटी उघडली.

“माझा पेला कुठाय?” धाकटीने विचारले.

थोरलीने फळीकडे पाहिले. वर्षभरात ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. माती सारे शोषून घेते. वर्षभर चहापावाला लागलेला पेला कितीही घासला तरी सणाला चालणार नव्हता. तिने तो फळीवरून काढून मेजावर ठेवला.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “पावाबरोबर? अगं, भरल्या घरात तुला दुसरा पेला मिळाला नाही?”

“माझाच बरा दिसला!” धाकटी म्हणाली.

“तुझंच हवं होतं,” थोरली फटकन बोलली. “त्यातून तुझ्यात काय उतरतं, ते बघायचं होतं मला.”

मग घड्याळजींनी विचारले, “मग, उतरलं का?”

“नाही, मामंजी. एक टिपूसही नाही.”

“तो हमाल मात्र दुकानात येऊन वेगळंच सांगत होता.” त्यांनी पेला उचलून उजेडात धरला, आत चहाचा तांबूस डाग होता. “पोरी, त्या रात्री आपल्याला उचलून नेलं जातं. त्यात आपली मर्दुमकी नाही. मग दुसऱ्या रात्रीपासून पुढच्या सणापर्यंत, सात आठवडे, आपण रोज संध्याकाळी दिवस का मोजतो? उचलणारा खाली ठेवतो, म्हणून. पुढं आपल्या पायांनी जायचं असतं. धाकटीला उचललेलं मी दरसाल पाहिलंय. चालताना कुणी दिसलं ते यंदाच.”

सणाच्या रात्री धाकटी काचेच्या ग्लासातून प्याली, आणि रडली नाही. थोरलीकडे पाहत राहिली. ती नजर थोरलीने तत्काळ ओळखली. वर्षानुवर्षे ती तिची स्वतःची होती.

सण आटोपताच धाकटी म्हणाली, “माझा पेला परत करा.”

“आता तो सणाचा राहिला नाही.”

“म्हणूनच मागतेय.”

“मिळायचा नाही. हवा तर माझ्याआधी ऊठ!”

धाकटी उठली. मग थोरली तिच्याही आधी उठू लागली. त्या फळीपाशी दोघींची झोंबाझोंबी इतकी वर्षे चालली, की सासूबाई म्हणत, “या घरात कोंबड्याला काही काम उरलं नाही.” जिच्या हाती पेला लागे ती ते वाक्य म्हणे आणि दारात कोण उभे आहे ते पाही, दुसरी तोंड फुगवून पिठात हात घाली. थोरलीला अखेरपर्यंत सणाच्या रात्री रडू आले नाही, आणि धाकटीला ते येते याचा तिला अखेरपर्यंत राग येई.

थोरली आता नाही. सणाच्या पेटीत एका पेल्याची जागा रिकामी आहे. पेला रोजच्या फळीवर असतो, दाराजवळ एक खुर्ची असते, आणि धाकटी अजूनही घरात सर्वांच्या आधी उठते.