माझ्या मुक्या गाडीने बोंब मारली

मंडळी, भुतंखेतं, संकेत-बिंकेत... माझा कशावरच विश्वास नाही. मी नागपुरात कॉलेजात फिजिक्स शिकवतो, धरमपेठेत राहतो. त्यामुळे हे लिहितानाही जरा लाजच वाटतेय.

मी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा गल्लीतले लोक बॉनेट उघडून बघायला यायचे. "इंजिनच नाही गा यात!" आता तिला कुत्रं विचारत नाही. ना कॅमेरा, ना सेन्सर. त्यात आठवडाभर हॉर्नही बंद — मी खिडकीतून "ओ काका, बाजू व्हा" ओरडत फिरत होतो!

अशातच भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, नवीकोरी गाडी घेऊन आले. ती स्वतःच स्टिअरिंग सांभाळते, स्वतःच ब्रेक मारते. पूजेसाठी कोराडीच्या देवीला जायचं ठरलं.

"विनू, तुहं खटारं काहून आणून राहिला? बस ना आमच्यातच," भाऊजी म्हणाले.

"तिलेही दर्शन होऊ द्या," मी म्हटलं. मनात मात्र तिला विकायचं पक्कं होतं.

भरदुपार. पुढे ताई-भाऊजी, मागे मी एकटा. त्यांच्या पुढे कोळशाचा ट्रक. भाऊजींनी दोन्ही हात वर करून मला दाखवले — बघ, आपली आपण चालते!

आणि माझा हॉर्न वाजायला लागला... मी हातही लावला नव्हता. बटण दाबलं, ठोकलं, शेवटी अक्षरशः विनवण्या केल्या. थांबेचना!

भाऊजींनी वैतागून गाडी बाजूला घेतली. मीही मागे थांबलो. ते उतरून तरातरा आले. "काहून बोंबलून राहिला बे?"

तेवढ्यात पुढे गेलेला ट्रक गतिरोधकावर आदळला, त्याचा मागचा फाळका धाडकन उघडला आणि डोक्याएवढाले कोळशाचे गोटे रस्ताभर उसळले. थांबलो नसतो तर भाऊजींची गाडी नेमकी त्याखाली असती.

हॉर्न बंद. एकदम शांत.

ताई उतरली आणि माझ्या गाडीत येऊन बसली. म्हणाली, "मी विनूसंगं येतो."

"अवं, आपली गाडी थांबलीच असती ना!" भाऊजी म्हणाले. असतीही कदाचित. पण पुढे कोराडीपर्यंत त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने हॉर्न काढून दाखवला. आत गंजून पार जाम, आणि वायर तुटलेली. "सर, हा वाजला? मजाक करता काय!"

वायर तुटली की आवाज नाही, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. मग त्या दुपारी काय वाजलं? आम्ही तिघांनी ऐकलं. गाडी मात्र विकली नाही.

परवा भाऊजींचा फोन आला. "विनू, रविवारी वर्ध्याले जाऊन राहिलो. तू तुही गाडी घेऊन मागून येतं काय?"

"काहून जी?"

ते म्हणाले, "असंच गा."