खंडेनवमीचा दिवा आणि बंद डिकी

आमच्या गाडीची डिकी बटणावर उघडते. गाडी घेताना विकणाऱ्याने ते बटण तीनदा दाबून दाखवलं होतं आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. बॅटरी उतरली की ते बटण म्हणजे नुसती शोभा, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते कळलं तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला, सकाळी सात वाजता, सोलापुरात आमच्याच दारात.

त्या दिवशी आईला वळसंगला न्यायचं होतं. तिथे तिचा थोरला भाऊ राहतो, माझा मामा. वर्षभरात मामाला विसर पडत चालला होता. मामाची सून, म्हणजे आमची वहिनी, फोनवर सांगायची, "सकाळी नऊपत्तर बरे असत्यात बगा. मानसं वळखत्यात, च्या मागत्यात. मग मलाच इचारत्यात, तू कोन म्हनून." दसऱ्याचं सोनं खरं तर संध्याकाळी द्यायचं, पण मामाकडे संध्याकाळ उरलीच नव्हती. म्हणून आईने ठरवलं, सातला निघायचं, आठच्या आत पोचायचं, त्याच्या हातात आपट्याची पानं द्यायची आणि एकदा त्याच्या तोंडून 'तंगी' ऐकायचं. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. वळसंगला घरोघर दोन्ही भाषा चालतात. मामाने आईला दुसरी कुठली हाक मारलेली मी तरी ऐकली नाही.

सहा वाजताच ती आंघोळ करून, हिरवी इरकल नेसून दाराजवळ बसली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला चार पावलांपुढे चालता येत नाही आणि उचलून न्यायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. बाहेर जायचं तर चाकाची खुर्ची लागते. ती घडी करून कायम डिकीत असते.

मी किल्लीचं बटण दाबलं. गाडी हूं की चूं करेना. किल्लीतून निघणाऱ्या पात्याने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आत बसले, तेव्हा कळलं. गाडीचे दिवे चालू करून ठेवलेले होते. रात्रभर जळून जळून ते कधीतरी पहाटे विझले असणार.

अण्णा, माझे वडील, मागे उभे होते. कुर्डुवाडीच्या रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. खंडेनवमी हा त्यांचा दिवाळीपेक्षा मोठा सण. आदल्या दिवशी त्यांनी सगळे पान्हे, पकडी, स्क्रू ड्रायव्हर घासूनपुसून पाटावर मांडले होते, गाडीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार घातला होता. पूजेला मांडलेलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा त्यांचा दंडक. उत्तरपूजा दुपारी, नैवेद्यानंतर. त्यात बदल नाही.

"दिवे कुणी लावले?" मी विचारलं.

"मीच की," ते म्हणाले. "पूजेची गाडी अंदारात कशी ठिवायची? आमी कारखान्यात मशीनवरचा बल्ब रातभर चालू ठिवत हुतो."

"तिथे कारखान्याची वीज होती, अण्णा. इथे एवढीशी बॅटरी आहे."

मी तेवढ्यावर थांबले नाही. माझा राग वाईट आहे, आणि तो नेमका घरच्यांवरच निघतो. मी म्हणाले, "वर्षात एक सकाळ मागितली होती आईने. तीही घालवलीत." दारातून आई म्हणाली, "आसू दे. निगंल कायतरी." अण्णा हारातला एक झेंडू चुरगाळत राहिले.

दोन मेकॅनिकना फोन केले. एकाने उचलला नाही, दुसरा सासुरवाडीला होता. शेजारच्यांची गाडी होती आणि ते मदतीला तयारही होते, पण एका बॅटरीवरून दुसरीला करंट द्यायची वायर त्यांच्याकडे नव्हती. आमच्याकडे होती. डिकीत. चाकाची खुर्चीही तिथेच, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जायचीही सोय नव्हती.

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की मागच्या सीटची पाठ पाडून डिकीत शिरावं. डिकीच्या झाकणाला आतून एक छोटं प्लॅस्टिकचं टोपण असतं, ते स्क्रू ड्रायव्हरने काढून आतला खटका सरकवावा. सीटची पाठ पडली. मागे जे भोक दिसलं ते इतकं अरुंद की त्यातून खुर्ची ओढून काढायचं नाव नको, आणि वायर त्या खुर्चीखाली दबलेली. मी पदर खोचून डोकं घातलं, खांदे घातले, आणि तिथेच अडकले. देहाने मी आजीवर गेले आहे. शेजाऱ्यांनी तोंड फिरवून हसू लपवलं, हे मला तशा अवस्थेतही कळलं. कसाबसा एक हात पुढे काढून मी स्वयंपाकघरातल्या सुरीने ते टोपण उचकटू लागले. पाटावरचे स्क्रू ड्रायव्हर दहा पावलांवर होते, पण त्यांना हात लावायचं माझ्याही मनात आलं नाही. सुरी वाकली. घड्याळात पावणेनऊ.

मी बाहेर निघाले तर अण्णा पाटासमोर उभे होते. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं. मग वाकून सर्वांत बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्यावरचं कुंकू धोतराला पुसलं. मी त्यांना आयुष्यात असं करताना पाहिलं नव्हतं. "सर बाजूला," एवढंच म्हणाले. ऐंशी वर्षांचा तो काटकुळा माणूस सीटवर पालथा पडला आणि पायांच्या टाचांपर्यंत आत गेला. आतून खोकला ऐकू आला, काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, एकदा "आयला" ऐकू आलं. मग खट्ट करून डिकी वर झाली आणि खुर्चीला बिलगून आडवे पडलेले अण्णा दिसले. कपाळावर खरचटलं होतं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण मी वायर उचलून बॅटरीकडे वळले.

वायर लावून गाडी सुरू होईपर्यंत दहा वाजले. वळसंगला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. अण्णा गाडीतच बसले. "इंजिन बंद करू नगं. मी राकन बसतो," म्हणाले. खरं म्हणजे त्यांना आत यायचं नव्हतं.

मामा सोप्यात बाजेवर बसला होता. मी आईची खुर्ची त्याच्यासमोर नेली. "दादा, सोनं घे," आई म्हणाली आणि पानं पुढे केली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. वहिनी म्हणाली, "मामा, वळसंगची लेक आली. तुमची भन." त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग एकाएकी तो बाजेवरून उतरला, सावकाश वाकला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "अव्वा," म्हणाला. अव्वा म्हणजे आई. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली.

आईचा हात पानांसकट तसाच राहिला. मला वाटलं ती आता रडेल. तिने पानं मांडीवर ठेवली, तो हात त्याच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "लई वर्सं जग, बाळा." मग तो चहा मागेपर्यंत ती त्याचं डोकं थोपटत राहिली.

आम्ही गाडीत बसलो. अण्णांनी मागे वळून विचारलं, "वळखलं का त्यानं?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "व्हय. दारातच वळखलं. तंगी म्हनला."

"मग झालं तर," अण्णा म्हणाले आणि सीटला टेकले. आई सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होती.

घरी आल्यावर, तिला आत नेऊन निजवल्यावर, अण्णांनी मला अंगणात गाठलं. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. हळूच म्हणाले, "खरंच वळखलं न्हवं? का ती माझ्यासाटी म्हनती?"

मी म्हणाले, "खरंच ओळखलं, अण्णा. मी तिथेच होते."