नवसाचा जावई

रोहणा गावात आनंदाबाईंच्या अंगणात एक कोंबडा होता. अंगानं लाल-काळा, मानेवर सोनेरी झालर, शेपटीत हिरवी चमक आणि पायांमागे बोटबोट लांब दोन काटे. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघे, असं त्याचं रूप. आणि त्याची चाहूल लागली की कोंबड्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगामागे दडत, असे त्याचे गुण.

आनंदाबाईंचे यजमान पुंडलिकराव त्याला राजा म्हणायचे. आनंदाबाई त्याला जावई म्हणायच्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, "सकायी दाना आधी त्याले, मंग बाकीच्याइले. त्यानं काईबी केलं तरी कोनी बोलाचं नाई. आन् जातोस कधी, हे तर इचाराचंच नाई. मंग जावई नाई तर कोन?"

बोलायचं नाही याला कारण होतं. दोन वर्षांमागे रजत, म्हणजे घरातला एकुलता एक पोरगा, कॉलेज संपवून सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसू लागला. पुंडलिकरावांनी घाईघाईनं एक तरणा कोंबडा उचलला, त्याच्या डोक्याला कुंकू लावलं आणि मरीमायच्या ओट्यापाशी उभं राहून कबूल केलं, "पोराले नोकरी लागू दे माय, हा तुह्या पायावर." नत्थू भगतानं लगेच बजावलं, की आता हा देवीचा. याला मारायचं नाही, विकायचं नाही, आणि खोट येऊ द्यायची नाही. तुरा फाटलेला, बोट तुटलेलं, काटा मोडलेला कोंबडा देवीला चालत नाही.

परीक्षा कधी आहे, हे मात्र पुंडलिकरावांनी नवस बोलायच्या आधी विचारलं नव्हतं. पहिल्या परीक्षेची तारीख पुढं गेली. दुसरी रद्दच झाली. तिसरीत रजत दोन मार्कांनी राहिला. कोंबडा तेवढा प्रत्येक वेळी पास.

आता घरच्या कोंबड्याला एवढं आयुष्य कोण देतो? तो आरवायला शिकतो न शिकतो तोच पाहुण्यांच्या ताटात जातो. हा अडीच वर्षांचा झाला. अंग भरलं, काटे वाढले, आणि कामधंदा काही नाही. कोंबड्या अवघ्या पाच. दहा जणींत वाटलं गेलं असतं ते पाच जणींच्या पाठीवर आलं. तो झेप घालायचा, मानेची पिसं चोचीत धरायचा आणि काट्यांनी दोन्ही बाजू खरवडायचा. पाचही जणींच्या पाठी गुळगुळीत झाल्या.

पाचांतल्या चार कोंबड्या सरकारी वाटपातल्या, तपकिरी रंगाच्या. अंडं घालून विसरून जाणाऱ्या. खुडूक बसून पिलं काढणारी एकटी भुरी, आणि भुरी केळझरची होती, आनंदाबाईंच्या माहेरची. आई गेली तेव्हा भांडी भावानं ठेवली, लुगडी वहिनीनं. आनंदाबाईंच्या वाट्याला ही करड्या रंगाची तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आली. भोकं पाडलेल्या पिशवीत घालून त्यांनी ती एसटीनं आणली. कंडक्टरनं पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "माहेर आहे." आईच्या हातच्या कोंबड्यांमधली ही शेवटची. ती पिलं काढल्याविना गेली असती, तर केळझरचं घर त्यांच्यापुरतं मिटलं असतं.

दिवाळी होऊन कापसाचा वेचा सुरू झाला होता. एक दिवस आनंदाबाई शेतातून आल्या तर भुरी बैलबंडीखाली मान टाकून बसलेली. पंखाखाली दोन बोटं लांब जखम, आणि बाकीच्या चौघी त्या लाल जागेवर टोची मारून बघतायत. पुंडलिकराव समोरच ओट्यावर. रविवार होता, म्हणून मिशांना कलप लावून, तो वाळेपर्यंत तोंड न हलवता पेपर वाचत बसले होते. गावात त्यांच्या मिशा प्रसिद्ध. ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हा मतं कमी पडली, पण मिशांना कोणी नावं ठेवली नाहीत.

"तुमी इथंच बसून होते नं?" आनंदाबाईंनी विचारलं.

"होतो नं."

"मंग पाह्यलं नाई?"

"पाह्यलं. नराची जात आहे, असंच करते. तुले काय समजते त्यातलं?"

"अडतीस वर्सं झाले या घरात येऊन," आनंदाबाई म्हणाल्या. "न समजाले काय झालं?"

पुंडलिकरावांनी पेपर थोडा वर घेतला.

आनंदाबाईंनी हळद तेलात कालवून जखमेत भरली, भुरीला गुरांच्या कोठ्यात टोपल्याखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ढोरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथं योगेंद्र नावाचा लस टोचणारा पोरगा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "काकू, सोपं आहे. कापून टाका."

"देवीचा आहे बाप्पा."

"मंग दिवसा कोंडून ठेवा. कोंबड्याइच्या पाठीवर जाडं फडकं बांधा. आन् त्याच्या काट्याची टोकं कानशीनं घासा. टोकंच फक्त. मुळाशी रक्त असते."

काटे घासायचे म्हणजे खोट. ते सोडून बाकीचं करून बघू, असं आनंदाबाईंनी ठरवलं. जावयाला मोठ्या टोपल्याखाली कोंडलं. त्यानं असा गळा काढला, की पुंडलिकरावांनी तासाभरात टोपलं उचललं. "देवीच्या पाहुण्याले जेलात टाकतं काय?" म्हणाले.

मग आनंदाबाईंनी पेटी उघडली. जाड कापड हवं होतं, आणि घरात सगळ्यात जाड होता पुंडलिकरावांचा पांढरा खादीचा सदरा, निवडणुकीत घालायचा, पुढच्या निवडणुकीसाठी डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. त्याच्यातून पाच अंगरखे निघाले. पंख बाहेर काढायला दोन भोकं, छातीशी एक गुंडी. पाची जणी ते घालून अंगणात निघाल्या तेव्हा शेजारची यशोदाबाई कुंपणावर हात टेकून उभी राहिली.

"काय वं आनंदा, सभा आहे का कुठं? या कोन्या पार्टीच्या?"

"ज्या पार्टीत पाठ सोलत नाईत, त्या पार्टीच्या."

"मंग माहं नाव लिहून घे त्याच्यात," यशोदाबाई म्हणाली, आणि हसत हसत आत गेली.

पुंडलिकराव जेवायला आले आणि भुरीच्या छातीवरची गुंडी बघून दारातच थांबले. "हा... हा माहा सदरा आहे!"

"होता."

"सभेचा होता तो!"

"सभेत त्याचं कोनी ऐकलं नाई. इथं कामी आला."

अंगरख्यांनी पाठी वाचल्या. तपकिरी चौघींच्या पाठीवर पिसांची खुंटं दिसू लागली. भुरीची जखमही भरली, आणि एक दिवस ती अंग फुगवून कोठ्याच्या कोपऱ्यात बसली ती उठेचना. खुडूक झाली. आनंदाबाईंनी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा चहा केला, आणि दुसऱ्या वेळी पुंडलिकरावांनी मागितलाही नव्हता.

चौथ्या दिवशी कोठ्यातून ओरडा आला. आनंदाबाई कणकेच्या हातानं धावल्या. जावयानं भुरीला मानेला धरून अंड्यांवरून ओढून काढलं होतं. अंगरखा एका बाजूनं फाटलेला, एक अंडं फुटून गवतात पसरलेलं. भुरी मात्र त्याच्या पायाखालून सुटली ती पळाली नाही. लंगडत पुन्हा अंड्यांवर जाऊन बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

आनंदाबाईंनी हात धुतले. पुंडलिकराव कामानं आर्वीला गेले होते. विळ्याला धार लावायची कानस त्यांनी खुंटीवरून काढली आणि रजतला हाक मारली.

"तो दुपट्टा घे, आन् जावयाले धर."

रजत पुस्तक बाजूला ठेवून आला. कानस बघून थांबला. "आई, खोट आली तर?"

"येऊ दे."

"माह्या नोकरीसाठी सोडलाय त्याले."

"तुही नोकरी त्याच्या काट्यावर अडकून आहे काय?"

रजतनं दुपट्टा टाकून कोंबडा झटक्यात धरला, गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसला. थोड्या वेळानं खाली बघत म्हणाला, "आई, खरं सांगू? हा रोज सकायी आरवते नं, मले वाटते इचारून राह्यला. लागली का? लागली का?"

"आन् तू काय सांगतं त्याले?"

"उशी घेतो कानावर."

आनंदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांचा घोडा, पण दुपट्ट्यातल्या कोंबड्याहून जास्त आवळलेला दिसला. सगळं घर दोन वर्षं त्या कोंबड्याला जपत होतं, आणि तो रोज पहाटे ज्याला टोचत होता तो निमूट उशीखाली होता.

मरीमायचं ठाणं ज्या बाजूला, तिकडे त्यांनी तोंड केलं. "माय, तू बी बाईच आहे. तुह्या दारात बी कोंबड्या असतीन. समजून घेजो." एवढं बोलून त्यांनी कानस चालवली. टोकं गेली. रक्ताचा थेंब आला नाही. जावई इतका वेळ गप्प होता, की रजतला वाटलं मेला.

संध्याकाळी पुंडलिकराव आले आणि अंगणभर नाचले. देवीचा कोप, पोराचं वाटोळं, बाईची अक्कल, सगळं बोलून झालं. मग जाऊन नत्थू भगताला घेऊन आले. नत्थूनं कोंबड्याचा पाय उलटा करून बघितला, काट्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"नाई चालत. हा आता देवीचा राह्यला नाई."

पुंडलिकरावांनी कोंबड्याला तुऱ्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. "अजिबात नाई?"

"अजिबात नाई."

"मंग इतवारी रस्सा टाकू," पुंडलिकराव म्हणाले.

"मी येतो," नत्थू म्हणाला.

दोन वर्षं ज्याला राजा म्हटलं, त्याचा रस्सा व्हायला एवढंसं बोलणं पुरलं. आनंदाबाई म्हणाल्या, "मसाला मी वाटीन. कापाचा तुमी."

पुंडलिकरावांनी नत्थूकडे बघितलं. नत्थू म्हणाला, भगत आपल्या हातानं कापत नाही. आणि पुंडलिकरावांनी जन्मात कधी कोंबडी कापली नव्हती, खाल्ल्या मात्र बऱ्याच होत्या. तेवढ्यात जावयानं एका तपकिरी कोंबडीवर झेप घातली. बोथट काटे खादीवरून घसरले आणि तो धुळीत पडला. कोंबडी वळली आणि तिनं त्याच्या डोक्यात एक ठेवून दिली.

"बिचारा!" पुंडलिकराव कळवळून म्हणाले.

आनंदाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. दोन वर्षं पाच जणींच्या पाठी सोलल्या गेल्या, तेव्हा हा शब्द या माणसाजवळ होता म्हणायचा. तोही ओट्यावर बसूनच होता.

रविवारी आलू-वांग्याचा रस्सा झाला. नत्थू जेवला, पण दुसरी वाढ घेतली नाही. रजतनं बांबू आणि जाळी आणून भिंतीलगत जावयाचं वेगळं घर बांधलं. दिवसभर तो आत, संध्याकाळी तासभर बाहेर, तेही आनंदाबाई काडी घेऊन बसलेल्या असल्या तरच. महिन्या-दोन महिन्यांनी काटे वाढले की रजतच कानस काढतो. जावई अजून पहाटे आरवतो. रजत उठून अभ्यासाला बसतो किंवा बसत नाही, पण उशी कानावर घेत नाही.

भुरीनं आठ अंड्यांतून सहा पिलं काढली. दोन तर हुबेहूब तिच्या रंगाची, केळझरच्या अंगणात फिरायची तशी. आनंदाबाई त्यांना कण्या टाकताना उगाच आईसारखा आवाज काढायच्या, ट्या ट्या ट्या, आणि कोणी आलं की थांबायच्या.

फाल्गुनात नव्या भरतीची जाहिरात आली. त्या सकाळी पुंडलिकराव आंघोळ करून, मिशा विंचरून अंगणात आले. पिलांमधला एक आता छाती काढून चालायला लागला होता. त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून बघितला. डाव्या हातात कुंकवाचा करंडा होता.

"पाह्य नं रजतची माय, काय नमुना निघाला! याले सोडू आता देवीले."

"सोडा नं," आनंदाबाई म्हणाल्या. "पन कोंबडा ठेवा खाली. अवंदा तुमच्या मिशा कबूल करा."

"काय?"

"म्हना, पोराले नोकरी लागली का मिशा तुह्या पायावर. तोवर त्याइले कैची लावाची नाई, कलप लावाचा नाई, खोट येऊ द्याची नाई. त्या कोनाले टोचत बी नाईत."

खोलीत पुस्तकापुढं बसलेला रजत मोठ्यानं हसला. कुंपणापलीकडून यशोदाबाईही हसली, म्हणजे ती तिथंच उभी होती.

पुंडलिकरावांचा हात करंड्यासकट मिशीकडे गेला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या हातातून पिलू सुटलं आणि पळत भुरीच्या पंखाखाली शिरलं. आता ते तिथं मावत नव्हतं, शेपूट बाहेरच राहिली. पुंडलिकरावांनी करंड्याचं झाकण लावलं, तो आत नेऊन देवाजवळ ठेवला आणि बाहेर येऊन पेपर मागितला.