गौस मिस्त्रीच्या फरशीचा उतार

उद्यमनगरात गाडीच्या वायरिंगचं काम निघालं की लोक गौस मिस्त्रीचं नाव सांगतात आणि पाठोपाठ हेही सांगतात, "घाई असंल तर दुसरीकडं जावा बरं का." हॉर्न बसवायला इतर ठिकाणी दहा मिनिटं लागतात, गौसला तास लागतो. पण त्यानं बसवलेला हॉर्न गाडी भंगारात गेली तरी वाजतो. बाप गवंडी होता. लहानपणी बापाच्या हाताखाली वाळू चाळता चाळता गौसनं एवढंच उचललं, की हातातलं काम पुरं झाल्याशिवाय चहाला उठायचं नाही. बायको नजीरा गॅरेजच्या माडीवरनं ओरडून ओरडून थकली, पण चहा अजून गार होऊनच पोटात जातो.

गेल्या गुरुवारी डॉक्टरीण आली. अनुजा पाटील, कागलची लेक. दूध संघासाठी डोंगरातल्या धनगरवाड्यांवर जनावरं तपासायला जाते, तीही सासऱ्याच्या जुन्या जीपमधनं. जीप तिच्यापेक्षा वयानं मोठी.

"गौसचाचा, मला कलाचा मीटर पायजे. गाडी किती कललीय ते दाखवणारा."

"त्यो कशाला? कमरंला कळतंय की."

अनुजा हसली नाही. चाकाला टेकून म्हणाली, "दिवाळीत चिंचकड्याच्या वाटंवर गाडी अशी कलली की खालची दरी मला काचंतनं दिसली. पडले न्हाई. पण तवापास्नं जरा गाडी कलली तरी हातापायातलं बळ जातंय. खरंच गाडी कललीय का माझंच मन कललंय, कळत न्हाई बगा. म्हणून ठरवलंय, पंचवीसच्या वर काटा गेला की माघारी फिरायचं. पंचवीसच्या आत असंल तर भ्यायचं न्हाई."

गौसनं हातातला पाना खाली ठेवला. आता गोष्ट मीटरची राहिली नव्हती.

दुकानदाराकडनं तीन नग मागवले. एक रंगीत पडद्याचा, त्यात चिमुकली जीप डोलायची. अनुजाला तोच आवडला. गौसनं तो बॅटरीला जोडला, इंजिन चालू केलं, तशी पडद्यातली जीप उभ्या जागी थरथरायला लागली.

"ही नाचतीया. डोंगरात तमाशा बगायचाय का तुमास्नी?"

दुसरा नुसता चिकटवायचा होता. उन्हात डिंक सुटला की पायात पडणार. तिसरा तेलात बुडालेल्या काट्याचा, गोल, जुन्या घड्याळासारखा. त्याला वायर नाही, बॅटरी नाही. आयुष्यभर वायरी जोडत आलेल्या माणसानं बिनवायरीचा मीटर उचलला, तेव्हा शेजारचा टायरवाला कृष्णात म्हणाला, "मिस्त्री, स्वतःच्या पोटावर पाय?"

"तू पंक्चर काढ."

डॅशबोर्डचा पत्रा वाकडा होता. गौसनं अॅल्युमिनियमची पट्टी वाकवली, खाली रबराचे वायसर दिले, दोन बोल्टांनी मीटर आवळला. मग काटा बरोबर शून्यावर आणून मागचा स्क्रू पक्का केला आणि वर लाल रंगाचा ठिपका दिला. तो ठिपका म्हणजे गौसची सही.

"चाचा, ह्याच्यावर इश्वास ठेवू न्हवं?"

"डोळं झाकून," गौस म्हणाला.

दुसरा दिवस जुम्म्याचा. नमाजाला जायच्या आधी गौस दर शुक्रवारी गॅरेज धुतो. त्यानं बादली ओतली. तेलकट पाणी नेहमीसारखं डाव्या बाजूच्या गटारीकडं निघालं. बत्तीस वर्षं ते तसंच जात होतं. ही फरशी त्यानंच बापाबरोबर घातली होती, पाणी साचू नये म्हणून चांगला दाबून उतार देऊन. आज मात्र गौस झाडू हातात धरून त्या पाण्याकडं बघतच राहिला.

मग त्यानं आपल्या स्टुलाकडं बघितलं. चढाकडचे दोन पाय त्यानं स्वतः तासले होते, बसताना सरळ वाटावं म्हणून. कपाटाच्या उताराकडच्या पायांखाली फळी. टेबलाखाली फळी. गॅरेजमधली एकूण एक वस्तू त्यानं उताराशी जुळवून घेतली होती, आणि मग उतारच विसरून गेला होता. काल जीप याच फरशीवर डावीकडं कललेली उभी होती, आणि गौसनं तिला शून्य म्हटलं होतं.

त्यानं अनुजाला फोन लावला. ती चिंचकड्याच्या वाड्यावर जायला पहाटेच निघालेली. फोन लागेना.

"नजीरा, डॉक्टरणीचा मीटर मी चुकीचा बसवलाय. तिच्यामागं गारगोटीकडं चाललोय."

"आज? अवो, जुम्मा हाय!"

"व्हय. म्हणूनच चाललोय. असलं खोटं मागं ठिवून नमाजाला कसा उभा ऱ्हाऊ?"

"चुकून चुकून किती चुकला असंल?"

"दोन-तीन अंश."

"तीन अंशानं काय आभाळ कोसळतंय?"

"त्या पोरीनं माझ्या काट्यावर जीव ठिवलाय, आणि मी डोळं झाक म्हणून बसलोय." एवढं बोलून त्यानं जुनी एम-एटी मोपेड ढकलून चालू केली. नजीरानं पळत येऊन डब्यात दोन भाकरी दिल्या.

गारगोटी मागं पडली, डांबरी संपली, शेवटी एम-एटीनंही हात टेकले. गौस चालत निघाला. चिंचकड्याची आडवी वाट आली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. वर जाताना दरी डाव्या हाताला. म्हणजे गाडी डावीकडंच कलणार, आणि त्याच बाजूचा कल त्याचा काटा कमी दाखवणार होता. वाटेवर टायरचे ताजे ठसे होते. गौस एकेक पाऊल टाकत त्यांच्यामागनं गेला. ठसे कुठंही घसरले नव्हते.

धनगरवाड्याच्या अंगणात जीप उभी दिसली, तेव्हा तो दगडावर मटकन बसला.

"कोण पावणं म्हणायचं?" म्हाताऱ्या चिमणाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "डॉक्टरीणबाई, बगा वं, कोण मामू आल्यात."

अनुजा गोठ्यातनं बाहेर आली. "चाचा! तुमी हितं? बरं झालं आलासा. मीटर बिघडलाय. येताना बावीस दाखवलं, आले बिनघोर. आता माघारी निघाले तर त्याच वाटंवर अठ्ठावीस! एका दिसात डोंगर हालतोय व्हय? पुन्ना हातपाय गळालं. तशीच मागं घेत आणली गाडी."

"मीटर बिघडला न्हाई. मी बिघडवलाय," गौस म्हणाला, आणि फरशीपासनं सगळं सांगितलं. स्टुलासकट.

चिमणाबाई खदखदून हसली. "स्टुलाचं पाय कापलं, आन् इसरलासा!"

"आता सरळ करायचा कसा? हितं सपाट जागा कुठली?" अनुजानं विचारलं.

गौसला बाप आठवला. बाप सपाटी बघायची नवी पाणसळ घेताना दुकानदाराच्या फळीवर ठेवायचा, बुडबुडा बघायचा, मग पाणसळ उलटी फिरवून पुन्हा बघायचा. फळी वाकडी असली तरी चालतं, म्हणायचा, खोटेपणा फिरवल्यावर कळतो.

"काटा बगा. कुठं हाय?"

"उजवीकडं दोन."

"आता गाडी त्याच चाकोरीत उलटी उभी करा. तोंड तिकडं."

अनुजानं मागंपुढं करत गाडी फिरवली. कोंबड्या ओरडत पळाल्या. "उजवीकडंच. चार."

"बगा. खरा काटा असता तर बाजू बदलला असता. ह्यो दोन्ही खेपंला उजवीच धरतोय. दोन आणि चारच्या मधी तीन. तेवढा माझ्या फरशीचा उतार."

त्यानं लाल ठिपका खरवडला, स्क्रू सैल केला, काटा तीन घरं सरकवला. पुन्हा गाडी फिरवली. एकदा डावीकडं एक, एकदा उजवीकडं एक.

"म्हंजे त्या वाटंवर खरं किती?" अनुजानं विचारलं.

गौसला खोटं बोलता आलं असतं. "पंचवीस. बरोबर तुमच्या हद्दीवर. सकाळी तुमी काठावरनंच आलासा."

तिनं वाटेकडं बघितलं. गौसला वाटलं, आता ही गाडी इथंच टाकून चालत निघणार. पण ती चिमणाबाईकडं वळली. "आज्जी, पोरांस्नी कुदळी घ्यायला सांगा."

तासाभरात चिमणाबाईच्या दोघा लेकांनी आडव्या वाटेवर डोंगराच्या अंगानं चाकापुरता चर खणला, वरची चाकं खाली बसावीत म्हणून. अनुजानं जीप आणली. गौस न विचारता तिच्या डाव्या बाजूला, डोंगराकडच्या अंगाला चढून बसला.

"चाचा, तुमी चालत या की."

"माझाच काटा हाय. मीच बसणार."

गाडी आडव्या वाटेवर आली. अनुजाची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. "चौदा," ती वाचत गेली. "सतरा. एकोणीस. एकोणीस. चाचा, एकोणीसच हाय!"

"मला काय सांगतासा? म्होरं बगा."

वाट संपली, तशी ती पहिल्यांदा हसली.

आता गौस मिस्त्रीकडं कुणी कलाचा मीटर बसवायला आला, की गाडी आधी रस्त्यावर निघते, उलटी फिरते, पुन्हा सुलटी येते. गल्ली तुंबते. रिक्षावाले शिव्या घालतात. कृष्णात टायर सोडून वाहतूक आवरायला उभा राहतो आणि म्हणतो, "मिस्त्री, त्यापरास फरशी फोडून नवी घाला की!"

"आणि स्टुलाचं पाय कोण जोडंल?" गौस म्हणतो, आणि लाल ठिपका द्यायच्या आधी काटा आणखी एकदा बघतो. माडीवर चहा गार होत असतो.