मंगळवारची नोंद

आमच्या आणि शनवाऱ्यातल्या शिक्षण संस्थेचं विलीनीकरण झालं, तेव्हा माझी नोकरी एकोणीस वर्षांची होती आणि तिकडच्या ताईंची अकरा. दोघंही आपापल्या संस्थेचं नेटवर्क सांभाळायचो. आता विभागप्रमुख एकच राहणार होता. ती जागा मला हवी होती.

लालबागच्या कार्यालयात नवा स्विच आला. दोन्ही नेटवर्क त्यातून जोडायची होती. प्रत्येक ठिकाणाच्या नेटवर्कला एक आकडा असतो; कोणत्या शाळेकडे जाणारा रस्ता पलीकडे कळवायचा आणि कोणता नाही, हे त्या आकड्यांनी स्विचला लिहून द्यावं लागतं. त्याला फिल्टर म्हणतात. यादीत नसलेला रस्ता आपोआप अडतो. मी एकेका ठिकाणाला एक, अशा तेवीस ओळी लिहिल्या आणि वहीशी तीनदा ताडून पाहिल्या. ताईंनी तीनच लिहिल्या: या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत सगळे येऊ द्या, अशा.

संस्थेच्या सचिवांनी दोघांकडूनही यादी मागवली होती; त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "भाऊ, तुम्ही तर पूरी मतदारयादी लिहून आणली!"

सगळे हसले. ताईंच्या ओळी मंजूर झाल्या. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तीन ओळींत भागतं तर तेवीस कशाला? शिकून घ्या की त्यांच्याकडून." मी अर्धी पोळी ताटात टाकून उठलो.

त्यानंतर मी माझ्या ओळी सोडून ताईंच्याच तपासत बसलो. मंगळवारी सापडलं. त्यांच्या वसतिगृहाच्या नेटवर्कचा आकडा आणि आमच्या तुकईथडच्या शाळेचा आकडा एकच होता. ताईंच्या ऐसपैस ओळीतून वसतिगृहाचा रस्ताही आमच्याकडे आला असता. स्विच जवळचा रस्ता धरतो. वसतिगृह गावातच, तुकईथड लांब. म्हणजे शाळेकडे जाणारी सगळी माहिती वसतिगृहाकडे वळून हरवली असती. माझ्या तेवीस ओळींत वसतिगृह नव्हतंच.

दोष दिसला की वार आणि वेळ घालून वहीत टिपायचा, ही माझी सवय. टिपला. सांगितला मात्र नाही. त्या दुपारी ताईंनी सगळ्यांसाठी मावा जिलेबी आणली होती. मी दोन खाल्ल्या.

शुक्रवारी अकराला जोडणी झाली. अकरा वाजून वीस मिनिटांनी तुकईथडच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "भाऊ, परीक्षेचे फॉर्मच जात नाहीत. आज आखरी तारीख आहे. एकेचाळीस पोरं लाइनीत उभी आहेत."

फॉर्मचा विचार मी केलाच नव्हता. तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढे फक्त ताईंचा पडलेला चेहरा होता. मी सगळ्यात वर एक ओळ घातली: वसतिगृहाचा रस्ता घेऊ नये. चार मिनिटं लागली. फॉर्म जायला लागले.

"वा! मतदारयादीवालेच कामाला आले," सचिव म्हणाले, आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की विभाग मीच सांभाळणार.

ताई माझ्या टेबलापाशी आल्या. "भाऊ, तुमची वही देता? एकेक ठिकाण कसं टिपता ते उतरवून घेते. मी फार घाईत लिहिलं."

मी इतका फुगलो होतो की लगेच दिली. त्या एका पानावर थांबल्या, तेव्हा मला आठवलं.

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "मंगळवारी?"

"हो."

"सव्वातीन वाजता."

मी वही घ्यायला हात पुढे केला.

"पोरं उभी होती, भाऊ." त्यांनी वही मिटली, टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली आणि गेल्या.

आज ना उद्या त्या सचिवांना सांगतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी सांगितलं नाही. सहा वर्षं झाली, प्रमुख मीच आहे. माझी चूक दिसली की त्या त्याच तासाला येतात, दार लोटतात आणि मला एकट्याला सांगतात. हे त्यांना कसं जमतं, मला कळत नाही.

गेल्या सोमवारीच आल्या. "भाऊ, सतराव्या ओळीत एक आकडा चुकलाय."

चुकला होता. मी त्यांच्यासमोर दुरुस्त केला, आभार मानले. पोटात पहिल्यासारखंच दुखलं.