समुद्रफुलातली विहीणबाई

आता माझी फजिती मीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा हे बरं!

मी यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण प्रवाळातल्या माशांवर मला बोलायला लावा, तुमचा चहा गार होईल. त्या दिवशी सकाळीच विदूषक मासा शिकवला होता. एका समुद्रफुलात, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, या माशांचा एक घोळका राहतो. त्यात सगळ्यात मोठी ती मादी, तिचंच राज्य. बाकीचे तिला वाट देतात.

दुपारी माझ्या भाचीला, रेणूला, बघायला राळेगावची मंडळी आली. फोटोतला मुलगा रेणूला फार आवडलेला. ताई आत आलूपोह्यांत गुंतलेली, भाऊजी बाहेर गाडी लावून देत होते. स्वागत माझ्याकडे. झालं!

गाडीतून मुलगा उतरला, त्याचे वडील, एक किरकोळ बाई, आणि शेवटी एक धिप्पाड बाई. सगळ्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. हीच विहीण! शास्त्र कधी खोटं बोलतं का?

त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं. किरकोळ बाईंना दाराजवळचं स्टूल दाखवलं. वर पाणी देता देता मासेही ऐकवले. "समुद्रातही असंच असतं बघा, जी मोठी तिचंच चालतं!"

"बाई, मी या लोकायची कोनी नाही," धिप्पाड बाई म्हणाल्या.

"असं कसं? आता आपण सारे एकमेकांचेच!" केवढा तो विनय!

मुलगा म्हणाला, "मावशी, आयकून तं घ्या..."

"जावईबापू, मोठ्यांना बोलू द्या." पोहे यायचे होते आणि मी जावई करून मोकळी!

तेवढ्यात त्या उठल्याच. "मले निघा लागते."

विहीण रुसली! माझ्यापायी रेणूचं स्थळ जाणार! धावत आत गेले, ताईने विहिणीसाठी ठेवलेली साडी, नारळ आणि कुंकू ताटात घातलं, ताट किरकोळ बाईंच्या हातात दिलं. "जरा धरता का?" त्यांनी निमूट धरलं. मी धिप्पाड बाईंची ओटी भरली आणि वाकून नमस्कारही केला.

"अवो, मी घाटंजीची हाव!" त्या कळवळल्या. "यष्टी आली नाही म्हून या लोकायनं गाडीत घेतलं. पानी प्याले आत आली. मले बसस्टँडवर जाचं हाये!"

ताट धरलेल्या बाईंनीच विचारलं, "मॅडम, त्या मोठ्या मासोळीचं न् बाकीच्यायचं नातं काय असते?"

"काहीच नाही," मी पुटपुटले. "पिल्लं लाटांबरोबर वाहत कुठून कुठून येतात आणि एकत्र राहतात." सकाळी वर्गात हेही शिकवलं होतं हो!

"मंग त्या बाई केव्हाच्या तेच तं सांगून राह्यल्या! पोराची माय मी हाव." आणि त्या इतक्या हसल्या की ताटातलं कुंकू सांडलं.

स्थळ टिकलं. रेणूचं नशीब, माझं कर्तृत्व नव्हे. साक्षगंधाला त्यांची गाडी आमच्या दारात थांबली. विहीणबाई आधी उतरल्या आणि मागे वळून ओरडल्या, "आपलेच लोक उतरजा रे बाप्पा! मावशी दारात नारळ घेऊन उभी असन!"

आणि मी खरंच नारळ घेऊन उभी होते.